पाठदुखी आणि कायरोप्रॅक्टिक : रुग्णाने नेमकी कशाची अपेक्षा ठेवावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाठीवर किंवा मानेवर झटका देऊन कडकन आवाज काढणाऱ्या कायरोप्रॅक्टिक उपचाराच्या छोट्या चित्रफिती गेल्या काही वर्षांत मोबाइलवर इतक्या फिरल्या आहेत की, कंबर धरल्यावर एरवी मालीशवाल्याकडे, हाडवैद्याकडे किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाणारा माणूस आता 'तो कडाका कुठे काढून मिळेल' असेही विचारू लागला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली मुले तिकडचा अनुभव सांगून इथल्या आईवडिलांना हा उपचार सुचवतात, तर काहींना कार्यालयातला सहकारी एखाद्या केंद्राचा पत्ता देतो. हा उपचार घ्यावा की घेऊ नये, असा सरळ प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्यातून काय मिळते, काय मिळत नाही आणि कोणी घेऊ नये, एवढे मात्र आज पुरेशा खात्रीने सांगता येते. ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. कायरोप्रॅक्टरकडे जाणारा रुग्ण आणि माझ्याकडे येणारा रुग्ण बहुधा एकच असतो, हे वाचकांना आधीच ठाऊक असलेले बरे. माझे म्हणणे त्यांनी त्या जाणिवेनेच वाचावे.

कायरोप्रॅक्टिकचा उगम अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या गावी १८९५ साली झाला. डॅनियल डेव्हिड पामर हे तेथे चुंबकीय उपचार करणारे गृहस्थ होते. हार्वे लिलार्ड नावाच्या, त्याच इमारतीत साफसफाईचे काम करणाऱ्या माणसाच्या पाठीचा मणका आपण दाबून बसवला आणि त्याचे गेलेले ऐकू येणे परत आले, असा त्यांचा दावा होता. त्यावरून शंभरातले पंच्याण्णव आजार मणका जागचा हलल्यामुळे होतात, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि १८९७ मध्ये शिक्षणसंस्थाही सुरू केली. पुढे कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये या व्यवसायाला कायदेशीर परवाना दिला, लुइझियाना या शेवटच्या राज्याने तो १९७४ मध्ये दिला, आणि अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर टाकलेला बहिष्कार बेकायदा असल्याचा निकाल तिथल्या न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. म्हणजे आज तिकडे हा एक परवानाधारक, विमायोजनांत बसणारा व्यवसाय आहे आणि त्यातले अनेक जण प्रामुख्याने कंबरदुखी आणि मानदुखी यांवरच उपचार करतात.

मात्र मूळ सिद्धान्ताचे काय झाले, हे चित्रफितींत कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी स्वतंत्र परिषद निर्माण झाली. त्या परिषदेनेच २०१० मध्ये जाहीर केले की, मणका जागचा सरकल्याने आजार होतात ही कल्पना ऐतिहासिक स्वरूपाची असून ती आजाराचे कारण असल्याचा दावा करता येईल असा कोणताही वैद्यकीय पुरावा नाही. व्यवसायाच्या नियामकानेच केलेले हे विधान आहे, बाहेरच्या टीकाकाराचे नाही. तरीही आपल्याकडे 'तुमचे तीन मणके सरकले आहेत, ते जागेवर बसवावे लागतील' हे वाक्य रुग्णाला अजून ऐकवले जाते, आणि रुग्णालाही ते पटते. दुखणे इतके तीव्र असते की आत काहीतरी निखळले असणारच, असे त्याला मनापासून वाटत असते.

टेबलावर प्रत्यक्षात जे घडते ते असे. कंबरेसाठी बहुतेक वेळा रुग्णाला एका कुशीवर झोपवतात, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे घेतात, खांदा मागे स्थिर धरतात आणि कंबरेच्या किंवा ओटीपोटाच्या हाडावर तळहात ठेवून एक अतिशय वेगवान, पण थोड्याच अंतराचा झटका देतात. काही जण खाली किंचित निसटणारा भाग असलेले टेबल वापरतात, काही जण स्प्रिंग बसवलेले लहान उपकरण पाठीवर टेकवून हलका ठोका देतात. झटक्याच्या वेळी येणारा आवाज हाडाचा नसतो. सांध्यात जो वंगणासारखा द्रव असतो, त्यातला दाब सांध्याचे पृष्ठभाग एकदम दूर गेल्याने घटतो आणि तेथे वायूची पोकळी तयार होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा ओढला जात असतानाच त्याचे एमआरआय चित्रण करून ही पोकळी तयार होताना दाखवली. बोटे मोडताना येतो तोच हा आवाज. तो मोठा आला म्हणून आराम जास्त मिळतो आणि आला नाही म्हणून उपचार वाया जातो, असे नाही. आवाजासाठी पुन्हा पुन्हा झटके मागणाऱ्या आणि देणाऱ्या दोघांनीही हे लक्षात घ्यायला हवे.

झटक्याने हाड सरकून जागेवर बसते का, हे तपासणेही शक्य आहे आणि ते तपासले गेले आहे. 'स्पाइन' या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या हाडांत सूक्ष्म धातूचे मणी बसवून, झटक्यापूर्वी आणि झटक्यानंतर क्ष-किरणांनी माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड व ओटीपोटाचे हाड यांमधील सांध्याची स्थिती अचूक मोजली होती. हाताने तपासणाऱ्यांना सांधा 'बसल्यासारखा' वाटला, परंतु मोजणीत त्याची जागा बदललेली नव्हती. मग रुग्णाला बरे का वाटते? सांधा आणि भोवतालचे स्नायू अचानक ताणले गेल्याने त्यांच्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात, आखडलेले स्नायू काही काळ सैल होतात, वेदना काही काळ कमी जाणवते आणि वाकायला भीती वाटेनाशी होते. हा परिणाम खरा आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. कंबर धरलेल्या माणसाला दोन दिवस मोकळेपणाने चालता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु तो वेदनेवरचा अल्पकाळचा परिणाम आहे, पाठीच्या रचनेतली दुरुस्ती नव्हे, आणि रुग्णाने याच मापाने अपेक्षा ठेवावी.

हे माप किती, याचेही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये सहा आठवड्यांपर्यंतच्या कंबरदुखीवरील २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वेदना शून्य ते शंभर अशा पट्टीवर मोजली, तर मणक्याच्या झटक्याच्या उपचाराने ती सरासरी दहा अंशांनी अधिक उतरते, असे त्यात दिसले. साठवर असलेले दुखणे पन्नासवर यावे, इतका हा फरक. जुनाट, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या कंबरदुखीचा आढावा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१९ साली आला. त्यात ४७ चाचण्या आणि नऊ हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि निष्कर्ष असा होता की हा उपचार व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकाच उपयोगी पडतो. त्यांच्यापेक्षा सरस नाही, त्यांच्यापेक्षा वाईटही नाही. मी फिजिओथेरपिस्ट असूनही हे स्वच्छपणे सांगते, कारण कायरोप्रॅक्टिक म्हणजे निव्वळ थोतांड, असे म्हणणे माझ्या व्यवसायाला सोयीचे असले तरी पुराव्याला धरून होणार नाही.

आता कंबरदुखीच्या स्वभावाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळ्या गैरसमजांचे मूळ मला तेथे दिसते. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला बोलावून त्याचा पाय दुखऱ्या जागी लावून घेण्याची रीत होती, आणि काही गावांत ती अजूनही आहे. ज्यांनी असा पाय लावून घेतला आहे, ते गुण आल्याचे शपथेवर सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत. अचानक धरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांत थोडी आणि चार ते सहा आठवड्यांत बरीचशी आपोआप मोकळी होते. माणूस उपचार शोधतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेले दुखणे पुढे उतरायचेच असते. त्या सुमारास ज्याने पाय लावला, तेल चोळले, सुई टोचली, यंत्र लावले किंवा झटका दिला, त्याच्या पदरात यश पडते. मी स्वतः दिलेल्या उपचारांनाही हाच नियम लागू आहे. म्हणूनच 'माझ्या ओळखीच्या गृहस्थांना दोन बैठकांत बरे वाटले' हा अनुभव खरा असला, तरी तेवढ्यावरून उपचाराची पारख होत नाही. त्यासाठी उपचार घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही गट शेजारी ठेवून मोजावे लागते, आणि तसे मोजल्यावर मिळालेला आकडा मी वर दिला आहे.

याच्याच जोडीला एमआरआयच्या अहवालाची भीती येते. 'मणक्यात गॅप आहे', 'गादी सरकली आहे', 'नस दबली आहे' ही वाक्ये घेऊन माणसे वर्षानुवर्षे जगतात, वाकायचे सोडतात, नातवंडाला उचलायचे सोडतात. ज्यांना पाठीचे कसलेही दुखणे नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची, म्हणजे गाद्यांची, झीज दिसली, तर पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची चकती बाहेर फुगलेली होती, आणि यांपैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती. केस पिकणे जसे वयाचे, तसे हे बदलही बव्हंशी वयाचे असतात. कायरोप्रॅक्टर असो, शल्यविशारद असो किंवा माझ्यासारखी फिजिओथेरपिस्ट असो, केवळ असा अहवाल पुढे करून जो रुग्णाला घाबरवतो, तो त्याच्या दुखण्यात भरच घालतो. खरोखर बाहेर आलेल्या चकतीचा भागसुद्धा पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांत आपोआप आकसतो. 'एका झटक्यात चकती आत ढकलली' या दाव्याला मात्र कोणताही आधार नाही.

पहिल्या भेटीत रुग्णाने काय अपेक्षावे, हे यानंतर सांगणे सोपे जाते. हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले गेले पाहिजेत आणि ते घाईने विचारलेले नसावेत. दुखणे कधीपासून आहे, पायात उतरते का, मुंग्या येतात का, रात्री झोपेतून उठवते का, ताप येतो का, वजन घटले आहे का, पूर्वी कर्करोग झाला होता का, पडणे-आपटणे झाले होते का, स्टेरॉइडच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे सगळे विचारायलाच हवे. त्यानंतर पाय सरळ ठेवून वर उचलून पाहणे, गुडघ्यावर आणि टाचेच्या मागे हातोडी मारून पाहणे, अंगठ्याची व घोट्याची ताकद पाहणे, पायाच्या त्वचेची संवेदना पाहणे एवढी तपासणी किमान व्हावी. हे काहीही न करता जो थेट टेबलावर झोपायला सांगतो, त्याच्याकडून उठून यावे.

या प्रश्नांचे महत्त्व आपल्या देशात अधिक आहे. जगातील क्षयरोगाच्या दर चार नव्या रुग्णांपैकी साधारण एक भारतातला असतो, आणि क्षय मणक्यालाही होतो. बारीक ताप, रात्रीचा घाम, घटत चाललेले वजन आणि विश्रांतीनेही न थांबणारी पाठदुखी असलेल्या माणसाचा पोखरलेला मणका झटका सहन करू शकत नाही, आणि तेथे जोर लावल्यास पायांतली शक्ती जाण्याची भीती असते. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांचा मणका किरकोळ जोरानेही दबू शकतो. सत्तरी ओलांडलेल्या, पाठीला बाक आलेल्या आजीला मुले कौतुकाने 'कडाका' काढायला घेऊन जातात, तेव्हा मला मनस्वी काळजी वाटते. मणके एकमेकांना जुळून जाणाऱ्या संधिवातात, नुकत्याच झालेल्या अस्थिभंगात आणि पायातली ताकद कमी होत चाललेली असताना हा उपचार अजिबात घेऊ नये.

एक लक्षणसमूह तर प्रत्येक घरात माहीत असायला हवा. कंबर दुखत असताना लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागी व मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरपणा आला, किंवा दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर मज्जारज्जूच्या शेवटी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी कायरोप्रॅक्टर नको, फिजिओथेरपिस्टही नको. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, मोठ्या रुग्णालयात जावे. शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास गेलेला ताबा कायमचा जाऊ शकतो.

मानेविषयी मी वेगळे आणि अधिक कडक लिहिणार आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. मान वेगाने वळवून दिलेल्या झटक्यानंतर या रोहिणीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. हे क्वचित घडते. शिवाय काही रुग्णांत रोहिणी आधीच फाटलेली असते आणि त्या दुखण्यासाठीच ते मान दाखवायला गेलेले असतात, हेही न्यायाने सांगायला हवे. परंतु धोका इतका गंभीर आणि फायदा इतका माफक असताना, रुग्णाला तो आधी समजावून सांगून त्याची स्पष्ट संमती घेणे ही किमान अट आहे. आणि ज्याची फक्त कंबर दुखते त्याची मान मोडण्याला काहीही कारण नाही. चित्रफितींत हनुवटीखाली पट्टा अडकवून डोके एका हिसक्यात ओढताना दाखवतात. कंबरदुखीच्या रुग्णाने ते करून घेऊ नये, असा माझा निःसंदिग्ध सल्ला आहे. केशकर्तनालयात दाढीनंतर दोन्ही बाजूंना मान मोडून देण्याच्या सवयीलाही हाच सल्ला लागू पडतो.

कंबरेच्या झटक्यानंतर साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांना त्या भागात ठणका, आखडलेपणा किंवा थकवा जाणवतो, आणि तो बहुधा एक-दोन दिवसांत जातो. याने घाबरू नये. मात्र दुखणे पायात नव्याने उतरले, बधिरपणा वाढला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर 'विष बाहेर पडत आहे', 'शरीर जुळवून घेत आहे' अशा स्पष्टीकरणांवर विसंबून पुढची बैठक घेऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

पैशाच्या बाबतीत सर्वांत मोठी फसगत पॅकेजमध्ये होते. पहिल्याच दिवशी पूर्ण पाठीचा क्ष-किरण काढायचा, त्यावर रेघा ओढून पाठ कशी वाकडी आहे ते दाखवायचे, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या बैठकांचे पैसे एकरकमी भरून घ्यायचे, ही पद्धत अमेरिकेतून इकडे आली आहे. धोक्याची लक्षणे नसतील, तर साध्या कंबरदुखीत पहिल्या काही आठवड्यांत क्ष-किरणाची गरज नसते. या उपचाराचा उपयोग व्हायचा असेल, तर तो थोड्या आठवड्यांत आणि मोजक्या बैठकांत दिसायला हवा. चार-सहा बैठकांनंतरही वाकणे, चालणे, झोप यांत काही फरक नसेल, तर पुढच्या वीस बैठकांनी तो पडेल असे मानण्याला आधार नाही. 'आता दुखत नसले तरी देखभालीसाठी दर महिन्याला या' हेही निमूटपणे मान्य करू नये. आणि कंबरदुखीसाठी गेलेल्या रुग्णाला त्याच टेबलावर दमा, रक्तदाब, मधुमेह किंवा मुलांचे अंथरूण ओले करणे बरे करून देण्याचे आश्वासन मिळाले, तर त्या माणसाच्या कंबरदुखीविषयीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नये.

मग उपचार कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे, व्यायाम, मानसिक ताणावर काम करणाऱ्या उपचारपद्धती यांबरोबर मणक्यावरील झटक्याचा उपचार आणि मालीश यांनाही त्यात जागा आहे. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचना आणखी नेमक्या आहेत : हाताने दिलेला उपचार व्यायामाला जोडूनच द्यावा, एकटा देऊ नये. माझा कलही त्याच बाजूला आहे. झटक्याने जो मोकळेपणा येतो, त्याचा उपयोग करून रुग्णाने त्याच आठवड्यात चालायला, वाकायला, पाठीचे व नितंबांचे स्नायू बळकट करायला सुरुवात केली, तर त्या उपचाराचे चीज होते. तो मोकळेपणा खाटेवर पडून घालवला, तर पुढच्या महिन्यात रुग्ण पुन्हा त्याच टेबलावर असतो.

जागतिक संघटनेच्या त्याच सूचनांत कंबरेचा पट्टा, वजन लावून पाठ ताणणे, विजेचे झटके देणारे वेदनाशामक यंत्र आणि अल्ट्रासाउंड हे उपचार नेहमीच्या वापरासाठी करू नयेत, असे म्हटले आहे. आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत यांपैकी बरेच काही रोज चालते. कायरोप्रॅक्टरकडे पुरावा मागताना आम्हालाही तो मागितला जावा, आणि रुग्णांनी तो जरूर मागावा. कांदा काढणीला दिवसभर वाकलेली बाई, द्राक्षबागेत छाटणीला हात वर करून उभा असलेला मजूर किंवा संगणकासमोर बसलेला तरुण यांना पंधरा दिवस यंत्र लावून घेण्यापेक्षा, कामाच्या मध्ये उठून सरळ होणे, वजन अंगाजवळ धरून उचलणे आणि रोज अर्धा तास चालणे शिकवले, तर त्यांचा पैसाही वाचतो आणि रोजगारही बुडत नाही.

शेवटचा मुद्दा पात्रतेचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाविषयी काढलेल्या सूचनांत पूर्ण अभ्यासक्रमासाठी किमान ४,२०० तासांचे अध्यापन आणि त्यात देखरेखीखाली किमान १,००० तासांचे प्रत्यक्ष रुग्णकाम अपेक्षिले आहे. ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणे हा गुन्हा आहे. भारतात या व्यवसायाची नोंदणी करणारी कोणतीही वैधानिक परिषद नाही. त्यामुळे परदेशात चार वर्षे शिकून आलेला कायरोप्रॅक्टर, मणक्याच्या हाताळणीचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट आणि आठवडाअखेरच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन आलेला हौशी माणूस, हे तिघेही सारख्याच फलकाखाली बसू शकतात, आणि रुग्णाला त्यांच्यातला फरक कळण्याचा मार्ग नसतो. मी परदेशात शिकलेल्या, काळजीपूर्वक काम करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांविषयी आदरच बाळगते. अशा गोंधळात सर्वाधिक नुकसान त्यांचेच होते. तूर्त रुग्णाने पदवी कोणती, कोठून, किती वर्षांची, आणि फिजिओथेरपिस्ट असल्यास राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता, हे निःसंकोच विचारावे. हा प्रश्न विचारल्याने ज्याला राग येतो, त्याच्या हाती आपली पाठ देऊ नये.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने मणक्यावर झटक्याचे उपचार कोणी करावेत यासाठी किमान पात्रता ठरवून द्यावी, सर्व केंद्रांत ती पदवी व नोंदणी दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे, आणि अशा उपचारानंतर झालेल्या इजांची नोंद सरकारी रुग्णालयांत वेगळी ठेवावी, अशी माझी मागणी आहे. अशी नोंद सुरू झाल्याशिवाय महाराष्ट्रात या उपचाराने किती जणांना अपाय झाला, याचे उत्तर कोणालाही देता येणार नाही. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. 'शस्त्रक्रियेविना एकाच बैठकीत स्लिप डिस्क बरी' अशा मजकुराची जाहिरात स्वीकारण्यापूर्वी जाहिरातदाराची पदवी आणि नोंदणी मागवावी, आणि ती मिळाली नाही तर जाहिरात परत करावी.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक